चौथा क्वार्टर आणि त्रेपन्नावा माणूस

न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफर्डला २०१० साली नवंकोरं स्टेडियम उभं राहिलं. त्या वर्षी १६ ऑगस्टच्या रात्री तिथे न्यू यॉर्कचे अमेरिकन फुटबॉलचे दोन संघ, जायंट्स आणि जेट्स, आमनेसामने आले. सामना हंगामापूर्वीचा, म्हणजे निव्वळ सरावाचा. कोण जिंकलं याची गुणतक्त्यात नोंदही होत नाही. त्यात जायंट्सकडून ३ नंबरचा शर्ट घातलेला एक पोरगा उतरला. खरं तर रिसीव्हरला, म्हणजे लांबून फेकलेला चेंडू धावता धावता झेलणाऱ्या खेळाडूला, तेव्हाच्या नियमानुसार हंगामात ३ नंबर मिळतच नसे. पण हंगामापूर्वीच्या सराव-शिबिरात माणसं इतकी असतात की उरलेसुरले नंबर वाटले जातात. या पोराने त्या रात्री ६ झेल, १४५ यार्ड आणि ३ टचडाउन (म्हणजे चेंडू घेऊन समोरच्यांच्या टोकापार पोहोचणं) केले. नाव व्हिक्टर क्रूझ. स्टेडियमपासून जवळच्याच पॅटरसन गावचा, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातून खेळलेला, आणि एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, बत्तीसपैकी एकाही संघाने न निवडलेला.

सप्टेंबरात त्याचं नाव संघात होतं. पुढच्या, २०११ च्या हंगामात त्याने १५३६ यार्ड काढले आणि जायंट्सने सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकला.

ही गोष्ट इथे अमेरिकेत दर ऑगस्टला कुणी ना कुणी सांगतंच. सांगणाऱ्यांचं चुकतं ते एवढंच, की ऐकणाऱ्याला वाटतं एक रात्र चमकली की काम झालं. प्रत्यक्षात ऑगस्टमध्ये जे चालतं त्यात चमकण्याइतकाच वाटा बेरीज-वजाबाकीचा असतो. त्या हिशेबात घोडं कुठे पेंड खातं ते कळलं, की हे कंटाळवाणे वाटणारे सामने एकदम वेगळे दिसायला लागतात.

आधी पार्श्वभूमी. हा फुटबॉल अंडाकृती चेंडू आणि हेल्मेटवाला. इथे व्यावसायिक खेळाकडे जाण्याचा रस्ता कॉलेजमधून जातो. आपल्याकडे क्रिकेटमध्ये क्लब, वयोगटाचे संघ आणि रणजी जे काम करतात, ते इथे विद्यापीठांचे संघ करतात. शाळा सोडल्यावर किमान तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएलमध्ये, म्हणजे बत्तीस संघांच्या व्यावसायिक लीगमध्ये, घेत नाहीत. मग दर एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट होतो. सात फेऱ्या, बत्तीस संघ. आदल्या वर्षी सर्वांत मागे राहिलेल्या संघाला पहिली पसंती. २०२५ मध्ये असे २५७ जण निवडले गेले. शेवटच्या निवडीला गमतीने ‘मिस्टर इरेलेव्हंट’ म्हणतात, म्हणजे ज्याच्या असण्या-नसण्याने काही फरक पडत नाही असा गृहस्थ. २०२२ चा तो गृहस्थ, २६२ व्या क्रमांकाचा ब्रॉक पर्डी, दुसऱ्याच हंगामात सॅन फ्रान्सिस्कोला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला आणि २०२५ मध्ये त्याने पाच वर्षांचा २६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. असो.

ड्राफ्टची सातवी फेरी संपली की काही मिनिटांत दुसरा बाजार उघडतो. ज्यांची नावं पुकारली गेली नाहीत, त्यांच्या एजंटांना फोन सुरू होतात. याला इथे ‘अनड्राफ्टेड’ म्हणतात. ऐकायला वाईट वाटतं, पण जाणकार एजंट सांगतो की सहाव्या-सातव्या फेरीत जाण्यापेक्षा कधी कधी हे बरं. कारण ड्राफ्टमध्ये संघ तुम्हाला निवडतो, इथे तुम्ही संघ निवडू शकता. कुठे तुमच्या जागेवरचे खेळाडू वयस्क झालेत, कुठे दुखापती आहेत, कुठला कोच अशा पोरांना खरोखर संधी देतो, हे सगळं बघून एका संध्याकाळीत निर्णय घ्यायचा. ज्यांना इथेही कुणी करार देत नाही, त्यांच्यातल्या काहींना मे महिन्यातल्या नवोदितांच्या शिबिरात दोन-तीन दिवस ‘ट्रायआउट’ला बोलावतात. स्वतःची बॅग घेऊन या, पळून दाखवा, आवडलात तर सही.

असं करत करत जुलैच्या शेवटी प्रत्येक संघाकडे नव्वद जण जमतात. आणि ऑगस्टच्या शेवटी यातले त्रेपन्नच ठेवायचे असतात.

आता ही वजाबाकी बघा. एका संघात सदतीस जण कमी करायचे. बत्तीस संघांचे मिळून ११८४. पूर्वी ही छाटणी दोन-तीन टप्प्यांत व्हायची. २०२३ पासून पुन्हा एकच दिवस ठरवला आहे. २०२५ मध्ये तो २६ ऑगस्ट होता, मंगळवार, पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे दुपारी चार वाजता. अकराशेवर माणसांची नोकरी साधारण एकाच वेळी जाते, आणि ती सगळी पंचविशीच्या आसपासची, शरीराने अतिशय तंदुरुस्त आणि आपापल्या गावातली सर्वांत नावाजलेली माणसं असतात.

निवडीसाठी मैदानावरचे पुरावे म्हणजे रोजचा सराव आणि तीन सामने. २०२१ मध्ये मुख्य हंगाम सोळावरून सतरा सामन्यांचा झाला, तेव्हा हंगामापूर्वीचे चारावरून तीन झाले. संघमालकांना आणि प्रेक्षकांना आनंदच झाला. त्रेपन्नाव्या जागेसाठी झगडणाऱ्याची मात्र परीक्षेतली एक प्रश्नपत्रिकाच कमी झाली.

माझ्या शेजाऱ्याकडे हंगामाची तिकिटं आहेत. त्यात हे सरावाचे सामनेही गळ्यात पडतात, म्हणून एका ऑगस्टला त्याने दोन तिकिटं मला दिली. पहिल्या क्वार्टरला, म्हणजे सामन्याच्या चार भागांतल्या पहिल्या भागात, स्टेडियम बऱ्यापैकी भरलेलं होतं, कारण नावाजलेले खेळाडू दहा-पंधरा मिनिटं तरी दिसतील अशी लोकांना आशा होती. मध्यंतरानंतर माणसं पार्किंगकडे वळली. चौथ्या क्वार्टरला आमच्या रांगेत आम्ही दोघंच. मैदानावर सगळे मोठाले, विचित्र नंबर. एकाच संघात एकच नंबर दोघांकडे, एक चढाईच्या बाजूला आणि एक बचावाच्या. या दिवसांत ते चालतं. स्कोअरकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. पण खाली, बाकांच्या मागच्या रांगांत, वीस-पंचवीस लोकांचा एक पुंजका मात्र जागचा हलला नव्हता. हातात फोन, अंगात पाठीवर आडनाव छापलेले घरगुती शर्ट. खेळाडूंचे आईवडील. चेंडू मैदानाच्या एका टोकाला असताना त्यातली एक बाई दुसऱ्याच टोकाकडे बघत होती, कारण तिचा मुलगा तिकडे होता. त्या दिवशी मला कळलं की हा सामना कसा बघायचा असतो.

कोचही तसंच बघतात. चेंडू कुठे आहे त्यापेक्षा कोण कुठे उभा राहिला, कुणी इशारा चुकीचा वाचला, कुणी ज्या माणसाला अडवायचं त्यालाच अडवलं. दुसऱ्या दिवशी चित्रफीत पुन्हा पुन्हा मागे-पुढे करून प्रत्येक खेळाडूला प्रत्येक डावाचे, म्हणजे चेंडू सुटल्यापासून खेळ थांबेपर्यंतच्या चालीचे, गुण देतात. शिवाय समोर कोण होतं हेही बघतात. चौथ्या क्वार्टरमध्ये तुम्ही ज्याला चकवून टचडाउन केला तो स्वतःच आठवड्याभरात घरी जाणार असेल, तर त्या टचडाउनचं मोल कमी. म्हणूनच ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलेली पोरं महिनाअखेरीला यादीत नसतात आणि लोक चिडतात. कोचने मात्र पहिल्याच आठवड्यात हिशेब मांडलेला असतो.

तो हिशेब असा. त्रेपन्नमध्ये ढोबळमानाने पंचवीस चढाईचे, पंचवीस बचावाचे आणि तीन ‘स्पेशालिस्ट’. हे तिघे म्हणजे चेंडू लाथाडणारे किकर आणि पंटर, आणि लाँग स्नॅपर. शेवटच्याचं काम दोन पायांमधून चेंडू सरळ पंधरा यार्ड मागे फेकणं, बस्स. वर्षानुवर्षं एकच माणूस ते करतो आणि त्याने चूक केली तरच त्याचं नाव लोकांना कळतं. पंचविसांतून क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवून चेंडू फेकणारे, दोन किंवा तीन, पुढच्या फळीतले लाइनमन नऊ-दहा, असं वाटत गेलं की रिसीव्हरसाठी पाच-सहा जागा उरतात. शिबिरात रिसीव्हर असतात दहा-बारा. पहिले चार बहुधा ठरलेलेच, कारण त्यांच्यावर आधीच पैसे ओतलेले असतात. म्हणजे सात-आठ जणांत एक किंवा दोन जागा.

समजा, त्या सहाव्या जागेवर दोघे आहेत. एकाचे हात जास्त चांगले, झेल सुटतच नाहीत. दुसरा त्यात थोडा कमी, पण पंट झाल्यावर, म्हणजे चेंडू लाथेने लांब समोरच्या संघाकडे उडवल्यावर, तो बाजूने सुसाट धावत जाऊन चेंडू घेणाऱ्याला पाडतो. जागा बहुतेक वेळा दुसऱ्याला मिळते. कारण सहावा रिसीव्हर चढाईत जेमतेम चार-पाच डाव खेळणार. बाकी वेळ तो ‘स्पेशल टीम्स’मध्ये, म्हणजे किकऑफ (खेळ सुरू करणारी लाथ) आणि पंटच्या डावांत हवा. सामन्याच्या दिवशी त्रेपन्नपैकी सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसच मैदानात उतरू शकतात, त्यामुळे एकाच कामाचा माणूस बाकावर ठेवणं परवडत नाही. कॉलेजमध्ये हिरो असलेल्या पोराला हे पचवणं सर्वांत जड जातं. गेली चार वर्षं त्याने एकदाही कुणाला पाडलेलं नसतं. त्याच्यासाठीच दुसरे पाडापाडी करत होते.

याची उलट बाजूही आहे. कव्हॉन्टे टर्पिन हा ठेंगणा, विलक्षण वेगवान खेळाडू एनएफएलच्या बाहेर, यूएसएफएल नावाच्या लीगमध्ये न्यू जर्सी जनरल्सकडून खेळत होता. २०२२ चा तिथला सर्वोत्तम खेळाडू ठरल्यावर डॅलसने त्याला शिबिरात घेतलं. २० ऑगस्टला लॉस एंजेलिसच्या चार्जर्सविरुद्ध त्याने आधी किकऑफ ९८ यार्ड परत आणून टचडाउन केला आणि मग पंट ८६ यार्ड आणून दुसरा. दोन्ही मध्यंतराच्या आत. चेंडू परत आणणं हीच एक कला, पण ती इतकी अफाट की त्याच्यासाठी एक जागा राखून ठेवावीच लागली. २०२४ पासून किकऑफचा नियम बदलून असे परतीचे डाव वाढवले आहेत, त्यामुळे अशा माणसांचा भाव आणखी वधारला आहे.

पैशाचाही हिशेब असतो आणि तो फारसा लपवलेला नाही. नवोदिताचा किमान पगार २०२५ मध्ये ८ लाख ४० हजार डॉलर होता, म्हणजे सात कोटी रुपयांच्या वर. तेच काम आठ वर्षं खेळलेला माणूस करत असेल तर त्याची किमान किंमतच जास्त. साधारण सारखं काम होत असेल तर संघ तरुणाकडे झुकतो. दोन तरुणांमध्ये ज्याच्यावर ड्राफ्टमधली निवड खर्च केली आहे त्याला थोडं झुकतं माप, कारण त्याला सोडलं तर ज्याने त्याला निवडला त्या व्यवस्थापकाला आपली चूक कबूल करावी लागते. हे कुणी उघड बोलत नाही, पण पाण्यात राहणाऱ्या प्रत्येकाला माशाची चाल ठाऊक असते. आणि लक्षात घ्या, हा पगार मुख्य हंगामाच्या आठवड्यांनाच मिळतो. शिबिरात राहणं, खाणं आणि ठरलेला आठवड्याचा भत्ता. छाटणीत गेला, तर ते लाखो डॉलर करारावर लिहिलेले असूनही बहुतेकांच्या बाबतीत कागदावरच राहतात.

दुखापत झाली तर दुष्काळात तेरावा महिना. जागा पक्की असलेल्याला दुखापत झाली तर संघ त्याची वाट बघतो. यादीच्या काठावर असलेल्याला झाली, तर त्याला जखमी असा शेरा मारून सोडतात. दुसऱ्या कुणी घेतलं नाही की तो जखमींच्या यादीत जातो किंवा काही आठवड्यांचे पैसे घेऊन निघतो. अशांच्या करारात बहुधा जखमी असतानाचा पगार कमी लिहिलेला असतो. म्हणून ऑगस्टमध्ये किती तरी पोरं ताणलेला स्नायू लपवून पळतात.

मंगळवार उजाडतो. पूर्वी, आणि काही ठिकाणी अजूनही, संघाचा एक कर्मचारी सकाळी खोलीचं दार ठोठावतो आणि म्हणतो, कोच बोलावताहेत, प्लेबुक घेऊन ये. या माणसाला खेळाडू ‘टर्क’ म्हणतात. प्लेबुक म्हणजे डावांची वही. ती परत मागितली म्हणजे सगळं आलं. आता वहीऐवजी टॅब्लेट असतो, तो जमा करायचा. जेवणाच्या हॉलमध्ये त्या सकाळी कुणी कुणाशी फार बोलत नाही, आणि फोन वाजला की टेबलावरचे सगळे आपापल्या फोनकडे बघतात.

पण सोडलं म्हणजे सुटला असं नाही. ज्यांची चार हंगामांपेक्षा कमी नोकरी झाली आहे, ते आधी ‘वेव्हर्स’वर जातात. म्हणजे चोवीस तासांच्या आत, बुधवारी दुपारी बारापर्यंत, बाकी एकतीस संघांपैकी कुणीही त्यांना त्याच करारावर मागू शकतो. दोघांनी मागितलं तर आदल्या वर्षी मागे राहिलेल्या संघाचा हक्क आधी. खेळाडूला विचारत नाहीत. मागणी आली की सिॲटलहून मायामीला जावं लागतं. चार किंवा त्याहून जास्त हंगाम झालेले मात्र लगेच मोकळे होतात. या फरकाचा संघ फायदा घेतात. एखाद्या जुन्या भिडूला मंगळवारी सोडायचं, एक-दोन दिवस घरी बस असं सांगायचं, आणि कुणाला तरी जखमींच्या यादीत टाकून जागा रिकामी झाली की त्याला परत सही करायला बोलवायचं. सगळं तोंडी, विश्वासावर.

अकराशेवर माणसांच्या त्या गर्दीत मागणी होते फक्त दोन-तीन डझनांची. कारण साधं आहे: दुसऱ्याचा माणूस घ्यायचा तर आपला एक काढावा लागतो. उरलेल्यांसाठी बुधवारी दुपारी तिसरा बाजार उघडतो तो ‘प्रॅक्टिस स्क्वाड’चा. प्रत्येक संघ असे सोळा जण ठेवतो. ते संघाबरोबर सराव करतात, सामन्याला नसतात. नवख्यांना २०२५ मध्ये आठवड्याला १३ हजार डॉलर, अठरा आठवडे टिकलं तर २ लाख ३४ हजार. त्रेपन्नातल्या किमान पगाराच्या हे पावपेक्षा थोडं जास्त, पण टिकण्याची हमी काहीच नाही. मंगळवारी कुणालाही नारळ मिळू शकतो. गरज पडली तर यातल्या दोघांना एका सामन्यापुरतं वर घेता येतं, एका खेळाडूला हंगामात तीनदा. आणि दुसऱ्या कुठल्या संघाने थेट आपल्या त्रेपन्नात बोलावलं तर तो जाऊ शकतो, त्याला किमान तीन आठवड्यांचा पगार नक्की.

बत्तीस संघांचे सोळा म्हणजे ५१२. अकराशे चौऱ्याऐंशीतून वजा करा. पावणेसातशेच्या आसपास माणसं उरतात. कोणी कॅनडातल्या लीगकडे जातो, कोणी वसंतात खेळणाऱ्या यूएफएल नावाच्या लीगची वाट बघतो, कोणी आपल्या जुन्या शाळेत कोच होतो. क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नरला १९९४ मध्ये ग्रीन बे संघाने शिबिरातून सोडलं, त्यानंतर तो आयोवातल्या किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावत होता, तासाला साडेपाच डॉलरवर. १९९९ मध्ये सेंट लुईसच्या मुख्य क्वार्टरबॅकचा गुडघा हंगामापूर्वीच्या सामन्यात गेला आणि हा मैदानात आला. त्या मोसमात तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि सुपर बोलही जिंकला.

मला मात्र वॉर्नरपेक्षा १ फेब्रुवारी २०१५ चा सुपर बोल जास्त बोलका वाटतो, कारण त्यात दोन्ही बाजूंना हीच माणसं होती. सिॲटलचा ख्रिस मॅथ्यूज कॅनडात खेळून आला होता आणि बोलावणं आलं तेव्हा बुटांच्या दुकानात कामाला होता. एनएफएलमधला पहिला झेल त्याने त्या सामन्यात घेतला आणि १०९ यार्ड काढले. शेवटच्या मिनिटांत चेंडू मांड्या-गुडघ्यांवर उडत असताना जमिनीवर पडल्या पडल्या तो झेलणारा जर्मेन कर्स, तोही अनड्राफ्टेड. मग वीसेक सेकंदं उरली असताना, विजयापासून एक यार्डावर, सिॲटलने चेंडू फेकला तो रिकार्डो लॉकेटकडे, तोही अनड्राफ्टेड. आणि मध्ये घुसून तो हिसकावला न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलरने. हा बटलर एकेकाळी फ्राइड चिकनच्या दुकानात काम केलेला, वेस्ट अलाबामा या छोट्या कॉलेजचा, आणि मे २०१४ मध्ये ट्रायआउटला येऊन संघात शिरलेला. त्याच आठवड्यात सरावात सिॲटलची नक्कल करणाऱ्या दुय्यम संघाने हाच डाव टाकला होता आणि बटलर त्यात चकला होता. प्रत्यक्ष सामन्यात सिॲटलचे दोन रिसीव्हर त्याच डावासाठी एकामागे एक उभे राहिलेले त्याने ओळखले. नक्कल करणारे असे गडी बहुतेक प्रॅक्टिस स्क्वाडातून आणि बाकावरूनच येतात.

हल्ली एक बदल मात्र चाललेला दिसतो. जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमवता येतात, आणि २०२५ पासून विद्यापीठं थेट वाटाही देऊ लागली आहेत. मोठ्या विद्यापीठाचा क्वार्टरबॅक आता एनएफएलच्या किमान पगारापेक्षा जास्त मिळवू शकतो. त्यामुळे सातव्या फेरीत जाऊन ऑगस्टमध्ये टांगतं राहण्यापेक्षा आणखी एक वर्ष कॉलेजात काढलेलं बरं, असा विचार पोरं करू लागली आहेत. म्हणजे शिबिरात येणारा नवोदित पूर्वीपेक्षा वर्ष-दीड वर्षाने थोराड आणि खात्यात पैसे असलेला. भुकेल्या पोराचं चित्र रंगवणाऱ्यांची जरा पंचाईत झाली आहे.

आणि तो त्रेपन्नावा? मंगळवारी चार वाजून गेले, दार वाजलं नाही, म्हणून त्याने आईला फोन केलेला असतो. आई रडते, वडील शेजाऱ्यांना सांगून येतात. बुधवारी दुपारी बारा वाजता त्याचाच संघ वेव्हर्सवरून दुसऱ्या संघातला एक पोरगा उचलतो. यादी चोपन्नची होते. साडेबाराच्या सुमारास त्याचा फोन वाजतो.